घड्याळांचा मोठा संग्रह कमी करावा की नाही, हे कसे ठरवावे

एचएमटीची मनगटी घड्याळे बनवणारे कारखाने बंद होणार, ही बातमी २०१४ मध्ये आली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्यावर शेवटची मोहोर उमटवली. त्या काळात अनेकांनी ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ अशी घड्याळे मिळतील तिथून घेऊन ठेवली, कारण ती पुन्हा मिळणार नाहीत ही धास्ती खरी होती. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत आज जो मोठा संग्रह दिसतो, तो अशाच थरांनी साचलेला असतो. सर्वांत खाली आजोबांचे वेस्ट एंड किंवा फेवर ल्युबा, त्यावर वडिलांना लग्नात मिळालेले एचएमटी, मग पहिल्या पगारातले टायटन, हौसेने जमवलेली सिको आणि सिटिझन, आणि शेवटी कारखाने बंद होण्याच्या सुमारास घाईने घेतलेल्या एचएमटींची भर. आता ही घड्याळे कपाटाच्या दोन-तीन कप्प्यांत पसरली आहेत, त्यांतली निम्मी बंद आहेत, आणि एवढी ठेवायची की कमी करायची हा प्रश्न दर दिवाळीच्या साफसफाईला नव्याने डोके वर काढतो.

या प्रश्नाकडे बहुतेक जण किमतीच्या किंवा आठवणींच्या बाजूने पाहतात. माझ्या मते पहिली कसोटी वेगळी असायला हवी. आपल्या वेळेत, आपल्या पैशात आणि आपल्या गावात उपलब्ध असलेल्या कारागिराच्या भरवशावर आपण किती घड्याळांची खरोखर निगा राखू शकतो, एवढेच आधी पाहावे. जुने घड्याळ कपाटात आहे म्हणून ते जतन होते असे नाही. त्याच्या आत वाळणारे तेल, गळणारा सेल आणि पावसाळ्यातली ओल आपापले काम करतच असतात. किंमत, दुर्मीळता आणि माया यांचा विचार या कसोटीनंतर करावा, म्हणजे तो अधिक स्वच्छ होतो.

निर्णयासाठी चुकीच्या वेळा

घरातले कोणी गेल्यानंतरचे पहिले काही महिने, निवृत्तीनंतरचे पहिले काही आठवडे, घर बदलण्याची धावपळ आणि पैशांची अचानक निकड, या चार प्रसंगी संग्रहाला शक्यतो हात लावू नये. दुःखात माणूस एक तर सगळेच देऊन टाकतो किंवा एकही वस्तू सोडत नाही; घाईत तो जे घड्याळ लवकर विकले जाईल ते आधी विकतो, आणि तेच बहुधा संग्रहातले सर्वांत चांगले घड्याळ असते. घर बदलावेच लागत असेल तर सगळी घड्याळे नीट बांधून बरोबर न्यावीत आणि नव्या घरी स्थिरस्थावर झाल्यावर विचार करावा. घड्याळांना जागा फार लागत नाही, त्यामुळे केवळ जागेच्या अडचणीपोटी घाई करण्याचे कारण क्वचितच असते.

उलट काही कारणे अशी असतात की ती टाळू नयेत. बोटांच्या सांध्यांत दुखणे सुरू झाल्यावर चावीच्या घड्याळाची बारीक, झिजलेली चावी रोज फिरवणे त्रासाचे होते. नजर कमी झाल्यावर तबकडीवरचे बारकावे दिसेनासे होतात. मुले परदेशी असतात आणि त्यांनी या विषयात रस नसल्याचे स्पष्ट सांगितलेले असते. अशा वेळी आपण धडधाकट आणि माहितगार असतानाच संग्रह कमी करणे हे त्या घड्याळांच्याही हिताचे असते, कारण प्रत्येक घड्याळाची हकीकत आपल्याइतकी दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते.

आधी सगळी घड्याळे एकत्र मांडावीत

दिवसाच्या उजेडात, टेबलावर जाड सुती कापड अंथरून, घरातली प्रत्येक जागा धुंडाळून सगळी घड्याळे एकाच वेळी बाहेर काढावीत. कप्प्याकप्प्याने पाहिले तर संग्रहाचा खरा आकार कधीच कळत नाही. प्रत्येक घड्याळाला एक क्रमांक द्यावा आणि वहीत त्याच्यापुढे कंपनी, मॉडेल, ते चावीचे आहे की ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे) की सेलचे, कोठून आले, शेवटचे तेलपाणी, म्हणजे उघडून केलेली सफाई, केव्हा झाले आणि शेवटचे केव्हा हातात बांधले, एवढे लिहावे. जे आठवत नसेल तिथे रकाना कोरा सोडावा, अंदाजाने भरू नये. या यादीत कोरे राहिलेले रकाने हीच पुढे सर्वांत उपयोगी माहिती ठरते: ज्या घड्याळाचे मूळ, तेलपाणी आणि वापर यांपैकी काहीच आठवत नाही, त्याच्याशी आपले नाते काय आहे, हे तो कोरा रकानाच सांगतो.

त्यानंतर चावीच्या प्रत्येक घड्याळाची साधी परीक्षा घ्यावी. चावी हलक्या हाताने दहा-बारा वळसे फिरवावी. ती वाळू अडकल्यासारखी खरखरत असेल किंवा कोठे अडत असेल तर तिथेच थांबावे, जोर लावू नये. घड्याळ न हलवता सेकंदकाटा आपणहून सुरू झाला तर आतली स्थिती बरी आहे असे समजावे. मग पूर्ण चावी देऊन मोबाइलच्या वेळेशी जुळवून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फरक पाहावा. जुन्या एचएमटीत दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक पडला तर काळजीचे काही नाही. कित्येक मिनिटे मागे पडत असेल किंवा रात्रीतच बंद पडत असेल तर तेल वाळलेले असण्याची शक्यता मोठी असते. एकाएकी फार पुढे जाऊ लागलेले घड्याळ बहुधा चुंबकाच्या संपर्कात आलेले असते. स्पीकर, पर्सचे बटण किंवा मोबाइलच्या कव्हरमधला चुंबकही त्याला पुरतो. चुंबकत्व कारागीर काही क्षणांत काढून देतो, त्यामुळे केवळ या कारणाने कोणतेही घड्याळ नादुरुस्तांच्या यादीत टाकू नये.

एक सावधगिरी. १९६० पूर्वीच्या काही स्विस घड्याळांच्या काट्यांवर आणि अंकांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमयुक्त रंग वापरलेला असे. तो रंग आज चमकत नसला तरी निरुपद्रवी झालेला नसतो, कारण विझलेले असते ते त्यातले चमकणारे रसायन. रेडियमचे आयुष्य मात्र फार मोठे असते, त्याचा किरणोत्सार निम्म्यावर यायलाच सुमारे १,६०० वर्षे लागतात. अशी घड्याळे स्वतः उघडू नयेत, तबकडी खरवडू नये, मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि अनेक असतील तर झोपण्याच्या खोलीतल्या एकाच बंद कप्प्यात साठवू नयेत. संग्रह कमी करताना ही घड्याळे कोणाला द्यायची झाली तर ही माहितीही त्यांच्याबरोबर द्यावी.

निगा राखण्याचा हिशेब

आता मुख्य गणित. चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळाला साधारण चार-पाच वर्षांनी तेलपाणी लागते. म्हणजे कारागीर घड्याळ पूर्ण उघडून सुटे करतो, भाग धुतो, तपासतो, पुन्हा जोडताना ठरावीक जागी ठरावीक तेलाचा सूक्ष्म थेंब देतो आणि मग काही दिवस ते चालवून पाहतो. समजा आपल्याकडे अशी साठ घड्याळे आहेत आणि प्रत्येकाला पाच वर्षांनी तेलपाणी करायचे आहे, तर वर्षाला बारा, म्हणजे दर महिन्याला एक घड्याळ कारागिराकडे गेले पाहिजे, आणि हा क्रम कधीच संपणार नाही. आपल्या कारागिराचा दर या संख्येला लावून वर्षाचा आकडा काढावा. मग स्वतःला विचारावे की गेल्या पाच वर्षांत आपण प्रत्यक्षात किती घड्याळे त्याच्याकडे नेली. पाच वर्षांत न्यायला हवी होती ती साठ घड्याळे आणि प्रत्यक्ष नेलेली घड्याळे, या दोन संख्यांतले अंतर हाच संग्रह किती कमी करावा याचा पहिला प्रामाणिक अंदाज असतो.

याला एक खरी सूट आहे आणि ती पुष्कळांना माहीत नसते. घड्याळ रोज चालवले नाही तर ते बिघडते, हा समज सरसकट बरोबर नाही. तेल वाळलेले घड्याळ झिजते ते चालताना. चाकाची पोलादी आस माणकाच्या (यंत्रात बसवलेल्या छोट्या, कठीण खड्याच्या) भोकात कोरडी फिरत राहते आणि हळूहळू खाल्ली जाते. तेच घड्याळ कोरड्या जागी बंद ठेवले तर त्याची झीज होत नाही. म्हणून संग्रहातली सगळीच घड्याळे चालू ठेवण्याचा आग्रह धरण्याची गरज नाही. ‘चालवायची’ आणि ‘नुसती जपायची’ असे दोन गट करता येतात आणि तेलपाण्याचे गणित फक्त पहिल्या गटाला लावता येते. मात्र दुसऱ्या गटातले घड्याळ मधूनच उचलून, लग्नाला चार दिवस बांधून, पुन्हा ठेवून देण्याची सवय असेल तर ते घड्याळ पहिल्याच गटातले आहे हे मान्य करावे.

सेलच्या घड्याळांचे उलटे असते. ती चालताना सुरक्षित आणि बंद पडल्यावर धोक्यात असतात. संपलेला सेल आत राहिला की पुढेमागे तो गळतो आणि त्यातला क्षार संपर्कपट्ट्या व सर्किट खाऊन टाकतो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात होसूरहून टायटनची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात येऊ लागल्यापासून आपल्या घरांत अशी घड्याळे भेट म्हणून सर्वांत जास्त आली, आणि कप्प्याच्या तळाशी बंद पडून राहिलेलीही तीच असतात. जी सेलची घड्याळे आपण पुढच्या वर्षात बांधणार नाही, त्या सगळ्यांचे सेल याच आठवड्यात काढून घ्यावेत. ठेवायची की द्यायची हे नंतर ठरवता येईल. सेल मात्र निर्णयाची वाट पाहत थांबत नाही. काढलेले सेल घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटऱ्या परत घेणाऱ्या संकलन केंद्रात द्यावेत.

गणितात आणखी एक गोष्ट धरावी लागते: सुटे भाग आणि कारागीर. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत एचएमटीची घड्याळे बनू लागली. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि नैनिताल जिल्ह्यातले राणीबाग इथेही कारखाने झाले. आता ते सगळे थांबले असल्यामुळे एचएमटीचा सुटा भाग बहुतेक वेळा दुसऱ्या बंद एचएमटीतूनच येतो. सुदैवाने ‘जनता’ आणि ‘पायलट’ या दोन्हींत ०२३१ या क्रमांकाचे एकच १७ माणकांचे यंत्र असते, त्यामुळे एकाचे भाग दुसऱ्याला चालतात. म्हणून मोडकी घड्याळे सरसकट काढून टाकू नयेत. आपण जी यंत्रे चालवणार आहोत त्यांतल्या प्रत्येकासाठी एखाददुसरे मोडके घड्याळ बाजूला ठेवावे आणि उरलेली आपल्या कारागिराला द्यावीत. त्याच्या डबीत गेलेला बॅलन्स (वेळेचा ठेका धरणारे, मागेपुढे फिरणारे चाक) किंवा चावीचा दांडा कोणाचे तरी घड्याळ पुन्हा सुरू करतो. आपल्या कप्प्यात तो नुसता पडून राहतो. कारागिराचे वय आणि त्याच्यामागे दुकान कोण चालवणार, हेही विचारून घ्यावे. तालुक्याच्या गावी चावीचे घड्याळ उघडणारा माणूस मिळेनासा झाला असेल तर चालवायच्या घड्याळांची संख्या आजच्यापेक्षा कमीच धरलेली बरी.

वारशाने आलेल्या घड्याळांबद्दल

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. वारशाचे म्हणून आलेले प्रत्येक घड्याळ एकाच तोलाचे नसते. वडिलांनी तीस वर्षे रोज बांधलेले घड्याळ आणि त्यांना कोणीतरी भेट दिलेले, खोक्यातून कधी बाहेरच न आलेले घड्याळ, ही दोन्ही ‘बाबांची घड्याळे’ असली तरी पहिल्याच्या कडेवरचे सोनेरी पाणी मनगटाच्या घर्षणाने उडालेले असते, चावीचे दाते गुळगुळीत झालेले असतात आणि पट्ट्याला एक ठरावीक भोक ताणले गेलेले असते. पहिले ठेवावे. दुसऱ्याबद्दल मोकळ्या मनाने निर्णय घ्यावा. ते काढले म्हणून वडिलांचा अनादर होत नाही.

मागच्या झाकणावर कोरलेला मजकूर नीट वाचावा. ‘सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट’ आणि खाली खात्याचे नाव व तारीख, अशी कितीतरी एचएमटी आपल्याकडे आहेत. बाजारात या कोरीव मजकुरामुळे घड्याळाची किंमत बहुधा कमी होते, कारण घेणाऱ्याला दुसऱ्याचे नाव नको असते. घरासाठी मात्र तो मजकूर म्हणजे एका माणसाच्या नोकरीची लेखी नोंद असते. अशा घड्याळाचा बाजारभाव विचारण्यात अर्थ नाही. ते घरात कोणाकडे राहावे, एवढेच ठरवावे.

आणि ते एकट्याने ठरवू नये. आई-वडिलांचे किंवा आजोबांचे घड्याळ आपल्या कपाटात असले तरी त्यावर भावंडांचा, काका-आत्यांचा मायेचा हक्क असतो. यादी झाली की वारशाच्या घड्याळांचे फोटो सर्वांना पाठवावेत आणि उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा. आमच्या घरी वडिलांची घड्याळे मांडली होती तेव्हा आत्याने त्यातले काच पिवळी पडलेले, अगदी साधे घड्याळ उचलले. मॅट्रिकच्या परीक्षेला जाताना दादाने आपल्या हातातले काढून हेच माझ्या हाताला बांधले होते, असे ती म्हणाली. आम्ही कोणीही ते ठेवण्याच्या यादीत धरले नव्हते. आज ते तिच्याकडे आहे आणि ती ते रविवारी बांधते.

घड्याळ परदेशातल्या मुला-नातवंडांना द्यायचे असेल तर एक कायदेशीर बाब लक्षात घ्यावी. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक किंवा कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पणजोबांचे खिशातले घड्याळ अमेरिकेला पाठवण्याआधी त्याचे वय तपासावे आणि शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारणा करावी.

रंगवलेल्या तबकड्या

एचएमटीच्या आणि सिकोच्या संग्रहात जी घड्याळे मन न दुखवता कमी करता येतात, त्यांत पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळे पहिली असावीत. जुनी यंत्रे गोळा करून, भडक रंगाच्या नव्या तबकड्या लावून, केस (घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच) चकाकवून विकण्याचा धंदा इतका वाढला की परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भिंग घेऊन पाहिले की ती ओळखू येतात. मिनिटांच्या खुणा अंकांशी नीट जुळत नाहीत, अक्षरांच्या कडा फुटलेल्या किंवा जाड झालेल्या असतात, देवनागरीत ‘जनता’ लिहिलेले असेल तर शिरोरेघ अक्षरागणिक वरखाली होते, आणि यंत्राला न शोभणारा मजकूर तबकडीवर असतो. ज्या रंगाची ‘जनता’ किंवा ‘पायलट’ कारखान्यात कधी निघालीच नाही, ती कितीही सुंदर दिसली तरी तिची ऐतिहासिक किंमत शून्याजवळ असते.

अर्थात असे घड्याळ आपल्याला मनापासून आवडत असेल आणि आतले यंत्र चांगले असेल, तर ते बांधायला काहीच हरकत नाही. फक्त ते जतनाच्या यादीत धरू नये, आणि विकताना तबकडी मूळची नाही हे घेणाऱ्याला स्वच्छ शब्दांत सांगावे.

कोणती आधी सोडावीत

एक नियम मला फार उपयोगी वाटतो: जे घड्याळ पुन्हा मिळवता येईल ते आधी सोडावे आणि जे पुन्हा मिळणार नाही ते शेवटी. चांगल्या स्थितीतली साधी ‘जनता’ आजही थोड्या शोधाने मिळते; तिच्या पाच प्रतींतल्या तीन सोडल्या आणि उद्या वाईट वाटले तर ती चूक दुरुस्त करता येते. दृष्टिहीनांसाठी बनवलेले ब्रेल एचएमटी, खोके-पावतीसह जपलेले जुने मॉडेल किंवा मालिकेतला शेवटचा नग एकदा गेला की परत येणे कठीण. एखादी मालिका खरोखर पूर्ण असेल, म्हणजे एका मॉडेलच्या सर्व तबकड्या किंवा एका कारखान्याची वर्षानुवर्षांची घड्याळे, तर ती फोडू नये. कमी करायचीच असेल तर अख्खी मालिका एका जाणत्या संग्राहकाकडे जाऊ द्यावी. इथे मी किमतीची पर्वा करू नका असेच म्हणेन, कारण फुटकळ विकून चार पैसे जास्त मिळतील, पण अशी मालिका पुन्हा जमवायला कोणाला तरी कित्येक वर्षे घालवावी लागतील.

ज्यांच्याबद्दल मन ठरत नाही, त्यांच्यासाठी चातुर्मासाएवढी मुदत ठेवावी. अशी घड्याळे एका वेगळ्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करावीत, डब्यावर तारीख लिहावी आणि डबा हाताशी नसेल अशा ठिकाणी ठेवावा. आषाढ ते कार्तिक या काळात सणवार आणि भेटीगाठी दोन्ही येतात, त्यामुळे कोणत्या घड्याळाची आठवण कोणत्या निमित्ताने होते हे आपोआप कळते. ज्याच्यासाठी डबा उघडावासा वाटला ते परत घ्यावे. मुदत संपल्यावर डबा उघडण्याआधी आत काय आहे ते कागदावर लिहून पाहावे. जी नावे आठवली नाहीत ती सोडायच्या यादीत जावीत.

पहिल्या फेरीत सगळे संपवण्याचा हट्ट नसावा. पहिल्यांदा दुबार प्रती, रंगवलेल्या तबकड्या आणि न आठवणारी सेलची घड्याळे काढावीत, काही महिने थांबावे आणि उरलेल्यांकडे पुन्हा पाहावे. संख्या कमी झाल्यावर उरलेली घड्याळे अधिक वेळा हातात येतात आणि दुसऱ्या फेरीचा निर्णय बराच सोपा होतो. हे सर्व चालू असताना नवी खरेदी पूर्ण बंद ठेवावी, नाहीतर एका बाजूने रिकामी झालेली जागा दुसऱ्या बाजूने भरत राहते.

विकताना आणि देताना

विकण्याआधी केस पॉलिश करू नये, तबकडी साफ करण्याच्या फंदात पडू नये आणि मूळ चावी किंवा काटे बदलू नयेत. जाणता घेणारा मूळ स्थितीला किंमत देतो, आणि पॉलिशने गोल झालेल्या कडा परत टोकदार होत नाहीत. स्वस्त घड्याळाला विकण्यासाठी मुद्दाम तेलपाणी करण्यातही अर्थ नाही, कारण तो खर्च बहुधा किमतीतून निघत नाही. ते कसे चालते आहे हे खरे सांगणे पुरे.

सोन्याच्या केसचे घड्याळ वजनावर सराफाला विकू नये, असे मी कळकळीने सांगेन. वजनावर घेतलेली केस वितळवली जाते आणि आतले यंत्र सुटे होऊन बेवारस पडते. अशी कितीतरी उत्तम स्विस यंत्रे आपल्याकडे केसविना फिरताना दिसतात. आधी एखाद्या जाणत्या घड्याळवाल्याला दाखवून घड्याळ म्हणून त्याची किंमत विचारावी.

पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईतला चोर बाजार इथे भाव जाणून घ्यायला जरूर जावे, पण तिथला विक्रेता पुढे नफा ठेवूनच विकणार असल्याने तो देऊ करतो ती रक्कम कमी असणे स्वाभाविक आहे. ओळखीतल्या संग्राहकाला थेट दिले तर भाव बरा मिळतो आणि घड्याळ कोठे गेले हेही कळते. फोटो काढताना तबकडी, मागचे झाकण, चावीची बाजू आणि कारागिराकडून उघडून घेतलेले यंत्र, हे चारही दाखवावे. दोष असेल तर त्याचा वेगळा फोटो द्यावा.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे, त्यामुळे मोठा व्यवहार बँकेतूनच करावा. वैयक्तिक वापराच्या वस्तू विकल्यावर सहसा भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही, पण दागिन्यांना ही सवलत नाही. म्हणून सोन्याच्या किंवा रत्नजडित घड्याळाबाबत आणि वारंवार खरेदी-विक्री होत असेल तर सनदी लेखापालाला विचारूनच पुढे जावे.

ठेवायचेच ठरले तर

सगळा हिशेब करून संग्रह आहे तेवढाच ठेवायचा, असा निर्णयही होऊ शकतो, आणि निगा राखण्याची तयारी असेल तर तो पूर्णपणे योग्य आहे. मग मात्र व्यवस्था नीट लावावी. चामड्याचे पट्टे काढून वेगळे ठेवावेत, कारण ते ओल धरतात, त्यांवर बुरशी येते आणि तीच ओल केसच्या मागच्या बाजूला पोहोचते. कोकण-मुंबईच्या हवेत हे एका पावसाळ्यात घडते. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात बदलाव्यात. चालवायच्या गटातल्या घड्याळांना महिन्यातून एकदा चावी देऊन दिवसभर चालू द्यावे, वहीत फरक लिहावा, आणि फरक वाढू लागला की ते घड्याळ थांबवून कारागिराकडे द्यायच्या रांगेत लावावे. ही रांग वर्षभरात पुढे सरकली नाही, तर या लेखातला हिशेब पुन्हा करावा.

वहीतल्या यादीत शेवटचा एक रकाना वाढवावा: हे घड्याळ आपल्यामागे कोणाकडे जावे. मौल्यवान घड्याळांचा उल्लेख मृत्युपत्रात करावा. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. बाकीच्यांसाठी यादीची एक प्रत घरातल्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावी आणि तिच्यात आपल्या कारागिराचे नाव, दुकानाचा पत्ता आणि विश्वासाच्या एखाद्या संग्राहकाचा फोन नंबर लिहून ठेवावा, म्हणजे विकायची वेळ आली तर घरच्यांना पहिल्या भेटलेल्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही.